जुन्या वस्तू ऑनलाइन घेताना-विकताना: भाव आणि घासाघीस यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवणजवळ राहतो आणि बरीच वर्षं जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, गाण्यांच्या तबकड्या आणि पितळेची भांडी घेतो-विकतो, आता जवळजवळ सगळं ऑनलाइनच चालतं. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की घरं साफ होतात, माळ्यावरचं खाली येतं आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात, "ह्याचे किती येतील?" रोज प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय.

प्र. वस्तूची योग्य किंमत ठरवायची कशी?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कुणीतरी ऑनलाइन लावलेला भाव म्हणजे किंमत नव्हे. साध्या शिवराईला (शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं) पन्नास हजार मागणारे ढिगाने सापडतील, पण त्या जाहिराती वर्षानुवर्षं तशाच पडून असतात कारण त्या भावात घेणारा कुणी येतच नाही. कोळीण पापलेटाचा वाटा सांगते तो आकडा वेगळा आणि शेवटी पापलेट पिशवीत पडतं तो आकडा वेगळा, आपल्याला हा दुसरा आकडा पाहिजे. काही साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघायची सोय असते, ती लावा. नाण्यांचे आणि तिकिटांचे लिलाव करणारे लोक लिलाव संपल्यावर कुठला लॉट कितीला गेला ते टाकतात, ते फुकट बघता येतं. अशा पाच-सहा विक्र्या शोधा, तुमच्या वस्तूसारख्याच अवस्थेतल्या, आणि सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा आकडा सोडून द्या, जे उरेल त्याच्या आसपास खरा भाव असतो. लिलावाच्या आकड्यात घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन धरलंय का तेही बघा, कारण विकणाऱ्याच्या हातात तेवढे पडत नाहीत.

मग अवस्था, इथे भाव दुप्पट-तिप्पट इकडचा तिकडे होतो. नाण्यावरची अक्षरं पूर्ण वाचता येतात का, कडेला भोक पाडून कधी गळ्यात घातलंय का (जुन्या रुपयांच्या माळा असायच्या, कडी डाग देऊन लावलेली असते, ती काढली तरी खूण राहते), तिकिटाचे दाते सगळे शाबूत आहेत का, मागचा गोंद मूळचा आहे का, तबकडीवर नखाला लागेल असा चरा आहे का. दोन वस्तू लांबून अगदी सारख्या दिसतात आणि त्यांच्या भावात चौपट फरक असतो, तो ह्यामुळे.

प्र. दीडशे वर्षं जुनी आहे म्हणजे महाग असणारच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त लोकांना रडवतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा चांदीचा रुपया घ्या. लोकांना वाटतं १८६२ म्हणजे केवढं जुनं, पण टांकसाळीने तेच १८६२ साल तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले, त्यामुळे हा रुपया रग्गड सापडतो. आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी आलेला पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र जास्त भाव खातो. त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, बराच माल परत घेऊन वितळवला आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड सुधारून नवा ठसा आला. नवीन असून महाग, कारण उरलेत कमी आणि पाहिजे असणारे जास्त.

शिवराईचंही तेच. महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, १६७४ पासून, ही तांब्याची नाणी आली, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति". पण तोच मजकूर पुढचे राज्यकर्ते वापरत राहिले, पेशवाईभर शिवराया पडत होत्या आणि इंग्रजांच्या काळातही व्यवहारात होत्या. म्हणजे हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली असेल असं नाही, बहुतेक नंतरच्याच असतात. अक्षराचं वळण, ठिपक्यांची कडा, वजन ह्यावरून जाणकार काळ सांगतात. "शिवकालीन" एवढा शब्द लिहून दहापट भाव मागणाऱ्याला विचारा, कशावरून? उत्तर नसेल तर साध्या शिवराईचा भाव द्या. महाराजांचं नाव घेतल्यावर माणूस भावनेने जास्त पैसे देतो आणि हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे, मला ह्याचा मनापासून राग येतो.

प्र. चांदीच्या रुपयाचा कमीत कमी भाव किती धरायचा?

१८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा, तो झाला तळ. त्याच्या खाली कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, ५० टक्के, आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत, त्यात चांदीच नाही. लोहचुंबक लावून बघा, निकेलचा रुपया चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. चिकटला नाही म्हणजे चांदीच असं मात्र नाही, खोटे रुपये पितळ-तांब्याच्या मिश्रणाचेही करतात आणि तेही चिकटत नाहीत, म्हणून वजन करायचंच. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो, एकदाच घेऊन ठेवा, खूप नुकसान वाचतं.

प्र. विकण्याआधी नाणं घासून चकचकीत करू का?

नको, नको, नको! आपल्याकडे हे फार होतं कारण घरात आमसूल असतंच आणि तांब्याची भांडी आपण आमसुलानेच घासतो. एकदा एका ओळखीच्या घरातून शिवराई नाण्यांचा फोटो आला होता, अकरा नाणी, वर काळपट तपकिरी थर, मधली रेघ आणि अक्षरं छान उठून दिसत होती. मी म्हटलं रविवारी येतो. गेलो तर ताटात अकरा गुलाबी चकत्या. त्यांच्या सुनेने पाहुणे येणार म्हणून आगळ आणि राखेने घासून ठेवलेली, बिचारीने प्रेमाने केलेलं. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या, आणि बोटाने चोळलं की आमसुलाचा आंबट वास यायचा. जिथे मी चांगला भाव देणार होतो तिथे निम्मेसुद्धा देता येईनात, आणि हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं.

जुन्या तांब्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, तो शंभर-दोनशे वर्षांत जमलेला असतो आणि घेणारा त्याचेच पैसे देतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कपड्यावर टिपून सुकवा, बस. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, ब्रासो काही लावू नका. हिरवी भुकटी दिसत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला विचारा.

पितळेच्या समईचं थोडं वेगळं आहे, ती देवासमोरची वस्तू, वर्षानुवर्षं घासलेलीच असते, त्यामुळे तिथे घासल्याने भाव पडत नाही. पण ती मशीनवर पॉलिश करून आणू नका, नक्षी झिजते.

प्र. आमच्याकडे खारी हवा, पावसाळा चार महिने, त्याचा भावावर परिणाम होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. किनाऱ्यावर ठेवलेल्या तिकिटांवर तपकिरी ठिपके पडतात, मागचा गोंद ओला होऊन तिकीट पानाला चिकटतं, आणि मुंबई-पुण्याचा घेणारा हे बघूनच ऑफर खाली आणतो. त्याचं चुकत नाही. म्हणून तिकिटं, जुनी मासिकं, पोस्टर वगैरे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्याला हिरवट चिकट थर येतो. ठिपके पडलेलेच असतील तर ते लिहा आणि त्याप्रमाणे भाव लावा. दोष तुम्ही आधी सांगितलात की समोरचा तोच दोष दाखवून घासाघीस करू शकत नाही.

प्र. जाहिरातीत काय काय लिहायचं?

वजन, माप, दोन्ही बाजूंचे उन्हात पण सावलीच्या कडेला काढलेले फोटो, दोष जवळून, टपालखर्च कोणाचा, परत घेणार की नाही, आणि भाव. "भावासाठी मेसेज करा" असं लिहू नका, निम्मे लोक तिथूनच परत जातात आणि उरलेल्यांना वाटतं माणूस बघून भाव सांगणार.

प्र. पहिल्याच मेसेजमध्ये "लास्ट किती?" विचारतात, काय उत्तर देऊ?

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज हाच. नमस्कार नाही, वस्तूबद्दल प्रश्न नाही, नुसतं "लास्ट?" त्यात त्यांचा दोष थोडाच आहे, त्यांना वाटतं की लावलेला भाव फुगवलेलाच असणार. मी उत्तर देतो, "लावलाय तो बरोबर भाव आहे, तुम्ही किती देऊ शकता ते सांगा." आकडा आधी त्यांच्याकडून येऊ दे. "लास्ट" म्हणून तुम्ही १,८०० सांगितले की तो आता त्यांचा सुरुवातीचा भाव होतो आणि तिथून खाली घासाघीस सुरू.

भाव लावताना थोडी जागा ठेवा, दहा-पंधरा टक्के, जास्त नको. आपल्या लोकांना दोन पैसे कमी करून घेतल्याचं समाधान लागतं आणि ते द्यायला काही हरकत नाही. पण दुप्पट लावून निम्म्यावर यायचं हा पर्यटकांच्या दुकानातला धंदा आहे, ज्याला भाव माहीत आहे तो गिऱ्हाईक तुमच्याकडे फिरकतसुद्धा नाही.

प्र. मी घेणारा आहे. पहिली ऑफर किती द्यावी?

तुम्हाला जो भाव योग्य वाटतो त्याच्या थोडं खाली, आणि का ते सांगा. "२,००० ची वस्तू ५०० ला देता का" हे विचारणं म्हणजे समोरच्याचा अपमान आहे, मग तो १,५०० ला द्यायला तयार असला तरी तुम्हाला देत नाही. त्यापेक्षा लिहा, "दादा, तबकडी आवडली, पण दुसऱ्या बाजूला चरा आहे आणि कव्हर मूळचं नाही, अशा अवस्थेतल्या दोन मागच्या महिन्यात १,४०० च्या आसपास गेल्या, टपाल धरून १,५०० ला जमेल का?" ह्यात तुम्ही वस्तूवर बोललात, माणसावर नाही. असा मेसेज आला की मी स्वतः बऱ्याचदा लगेच हो म्हणतो.

एकाच माणसाकडून तीन-चार वस्तू एकदम घेतल्या तर कमी करून मागणं अगदी रास्त आहे, त्याचा टपालखर्च आणि डोक्याचा त्रास वाचतो. घरातल्या आजारपणामुळे किंवा कॉलेजच्या फीसाठी विकतोय असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावरून भाव पाडू नका. अडलेल्याला बघून कमी द्यायचं ह्याला घासाघीस म्हणत नाहीत.

प्र. भाव ठरला, आणि मग दुसऱ्याने जास्त देतो म्हटलं तर?

पहिल्याला द्या. "डन" टाइप केलं म्हणजे शब्द दिला. घेणाऱ्याने मात्र ठरलेल्या वेळेत पैसे टाकले पाहिजेत, मी चोवीस तास थांबतो आणि ते आधीच सांगून ठेवतो, त्यानंतर वस्तू मोकळी.

प्र. विकणारा म्हणतो खुर्ची थिबा राजाच्या वाड्यातली आहे, म्हणून जास्त पैसे पाहिजेत.

ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला, त्याच्यासाठीचा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला, हे सगळं खरं. त्यामुळे रत्नागिरीकडे बर्मी सागाची, कोरीव कामाची वस्तू सापडणं अशक्य नाही. पण देवगड लिहिलेल्या खोक्यात कर्नाटकचा आंबा घालून विकतात हे आपण दर सीझनला बघतो, तसंच इथेही. ती वस्तू त्या वाड्यातून ह्या घरात कशी आली ह्याचा कागद पाहिजे, जुनी पावती, लिलावाची नोंद, पत्र, निदान घरातला जुना फोटो ज्यात ती खुर्ची मागे दिसते. कागद असेल तर जास्त पैसे जरूर द्या. नसेल तर चांगल्या जुन्या सागवानी खुर्चीचे द्या आणि गोष्ट ऐकून घ्या.

विकणाऱ्यांसाठी, तुमच्याकडे असा कागद असेल तर तो फाइलमध्ये जपा, वस्तूइतकाच जपा.

प्र. सावंतवाडीची जुनी गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) घ्यायची आहे, भाव कसा बघू?

आधी पानं मोजा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं पाहिजेत, चार-पाच कमी असली तरी भाव निम्म्याच्या खाली जातो. जुन्या पानांच्या कडा हाताळून गुळगुळीत आणि काळपट झालेल्या असतात आणि लाखेच्या थराला बारीक तडे असतात. सावंतवाडीत गंजिफा आजही हाताने रंगवली जाते, त्यामुळे नवीन जोड जुना म्हणून विकणं सोपं आहे, सावध राहा. आणि नवीन घ्यायची असेल तर कारागिराकडून घ्या आणि तिथे घासाघीस करू नका, एकेका पानावर हाताने ब्रश फिरलेला असतो, १२० वेळा. तिथे सांगितलेली किंमत ही मेहनतीची मजुरी आहे.

प्र. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, ७८६ नंबर, वैष्णोदेवीचं नाणं, ह्याचे खरंच लाखो मिळतात?

नाही मिळत. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ साली भरपूर निघाली. ७८६ वर भाव श्रद्धेचा आहे, कुणी हौसेने थोडे जास्त देईल, लाखो नाही. असे व्हिडिओ बघून लोक फोन करतात, समोरचा म्हणतो पाच लाख देतो पण आधी रजिस्ट्रेशनचे, मग टॅक्सचे, मग रिझर्व्ह बँकेच्या एनओसीचे पैसे भरा, आणि लोक भरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही, कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असा कुठलाही खरा व्यवहार नसतो, एवढं तुमच्या आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना नक्की सांगा.

असंच गांधीजींच्या तिकिटाचं. १९४८ च्या गांधी तिकिटांपैकी "सर्व्हिस" असा शिक्का छापलेली १० रुपयांची तिकिटं फक्त १०० छापली होती, त्यातली चार जोडलेली २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ती बातमी वाचून लोक त्याच मालिकेतलं दीड आण्याचं वापरलेलं तिकीट लाखाला लावतात. ते तिकीट प्रचंड छापलं गेलं होतं, शाळकरी मुलांच्या वहीतसुद्धा असतं.

प्र. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, चुंबकासारखं तांदूळ ओढतं म्हणतात.

खोटं. कंपनीने असं नाणं कधी काढलेलं नाही. देवाची मुद्रा म्हणून देव्हाऱ्यात ठेवायची असेल तर दहा-वीस रुपयांना घ्या, नाणं म्हणून एक पैसा देऊ नका. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावावर माणसांनी जमिनी विकलेल्या आहेत.

प्र. बंद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा सापडल्या, विकू का?

नका विकू, घेऊही नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे, अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत चालतात. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, जो जास्त असेल तो. आठवण म्हणून एक-दोन ठेवा.

प्र. शंख, इंद्रजाल, हस्तिदंताची डबी, ह्यांचा भाव काय?

ह्यांचा भाव विचारूच नका. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला हे साधं वाटतं कारण जाळ्यात येतं, पण वास्तूसाठी म्हणून विकतात ते काळं झाडासारखं इंद्रजाल म्हणजे समुद्रातल्या जिवांची वसाहत आहे, समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. प्रवाळ आणि काही मोठे शंख २००१ पासून त्या यादीत आहेत. हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू आजोबांच्या वेळची असली तरी. अशा जाहिराती ऑनलाइन दिसतात म्हणजे चालतं असं समजू नका, वनखात्याने पकडलं की घेणारा आणि विकणारा दोघंही आत. साधे शिंपले, कवड्या, त्याचं बघा हवं तर.

प्र. विहीर खणताना नाण्यांचं मडकं मिळालं तर? आणि जुनी समई दुबईतल्या गिऱ्हाइकाला पाठवता येते का?

जमिनीत सापडलेलं धन, किंमत दहा रुपयांच्या वर असली की, १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. ते ऑनलाइन टाकू नका. आणि शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यात नाणीही आली, मूर्तीही आल्या, त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, देशातही असल्या वस्तूंचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं आणि दगडी मूर्तींसारख्या काही वस्तूंची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. परदेशातला गिऱ्हाईक कितीही भाव देवो, नाही म्हणा.

प्र. पैसे आणि पार्सल, फसवणूक कशी टाळू?

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा पैसे काढणार आहे. समोरच्याने पाठवलेला पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल टाकू नका, बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसू दे. घासाघीस न करता, एक प्रश्न न विचारता मागाल तो भाव लगेच कबूल करणाऱ्यापासून जास्त सावध राहा. गेलेच पैसे तर त्याच तासात १९३० ला फोन करा, उशीर झाला की अडकवता येत नाहीत.

पार्सल बांधताना आणि उघडताना अखंड व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. किमती वस्तूचा पोस्टात विमा उतरवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच आलंय, त्यामुळे जुन्या जाहिरातीत "रजिस्टरने पाठवू" लिहिलेलं असेल तर खर्चाचा आकडा बदला. जून ते सप्टेंबर कागदी वस्तू दोन प्लास्टिकमध्ये, मध्ये पुठ्ठा, तरच पाठवा, तिकिटं तर मी जुलैत पाठवतच नाही, गिऱ्हाइकाला सांगतो गणपतीनंतर.

प्र. पितळेची जुनी भांडी किलोवर द्यावीत का?

मला सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. गावात टेम्पो येतो, घंगाळ, हंडे, पानाचे डबे, अडकित्ते, सगळं काट्यावर टाकतो आणि भंगाराच्या भावाने घेऊन जातो. साधा, ठोके पडलेला, बुड गेलेला हंडा असेल तर किलोचा भाव ठीकच आहे, त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. पण नक्षीचा पानाचा डबा, घोड्याच्या किंवा मोराच्या आकाराचा अडकित्ता, साखळीची टांगती समई ही नगावर जाणारी वस्तू, किलोवर नाही. अडकित्ता दोनशे ग्रॅमचा असतो हो, किलोच्या भावाने त्याचे किती येणार! वेगळं काढा, फोटो काढा, चार जणांना विचारा, मग द्या.

प्र. समोरच्याला वस्तूची किंमत माहीतच नाही, तर घेणाऱ्याने सांगावं का?

ह्यावर लोक माझ्याशी भांडतात. म्हणतात, मी अभ्यास केला, त्याने नाही केला, त्यात माझं काय चुकलं? दुकानदाराकडे किंवा रोज व्यवहार करणाऱ्याकडे स्वस्तात काही मिळालं तर ते तुमच्या अभ्यासाचं फळ, बिनधास्त घ्या. पण घर रिकामं करणाऱ्या माणसाकडून घेताना सांगायचंच.

कुडाळच्या बाजूला एका आजींकडे गेलो होतो, नातवाने फोटो पाठवलेला. ओटीवर बसल्या होत्या, पदराच्या गाठीतून एक रुपया काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्येचे किती देतलस? माका फसवू नको हां." पंचम जॉर्ज, १९११, झग्यावर तो आखूड सोंडेचा हत्ती. नातवाने सांगितलेला भाव साध्या चांदीच्या रुपयाचा होता. मी त्यांना हत्ती दाखवला, गोष्ट सांगितली, फोनवर आदल्या दोन लिलावांचे आकडे दाखवले आणि त्यातून माझा खर्च आणि थोडा नफा वजा करून आकडा सांगितला. त्यांनी तो रुपया परत गाठीत बांधला, म्हणाल्या विचार करते. पंधरा दिवसांनी नातवाचा फोन आला, घेऊन जा म्हणून, आणि त्याच घरातून पुढे तीन वर्षं मला वस्तू मिळत राहिल्या.

प्र. घर सामाईक आहे, माळ्यावरची वस्तू मी एकट्याने विकली तर चालेल का?

सातबाऱ्यावर जशी तीस नावं असतात तशीच माळ्यावरच्या पेटीवरही असतात, फक्त लिहिलेली नसतात. भाव नंतर कळला की मुंबईतले चुलते फोन करतात, आणि मग घेणाऱ्यालाही करतात. म्हणून मी आता सामाईक घरातली वस्तू असेल तर आधीच विचारतो, घरात आणखी कुणाकुणाचा वाटा आहे, आणि सगळ्यांना एकाच व्हिडिओ कॉलवर घ्यायला सांगतो. वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची, भाव सगळ्यांसमोर बोलायचा, आणि सगळे हो म्हणाले की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच आकडा लिहायला लावायचा. तो मेसेज पडला की मी पैसे टाकतो.